ईनबाईंच्या हातचा बर्गर

माझ्या मुलीच्या सासूत एकही खोट नव्हती. लग्नानंतरच्या चार महिन्यांत ही गोष्ट माझ्या लक्षात आली आणि माझं सुख गेलं.

हे वाचून कोणाला हसू येईल तर येऊ दे. आमचं गाव देवरीच्या पुढे, जंगलाला लागून. गावातल्या प्रत्येक घरची लेक कुठे ना कुठे दिलेली आहे, आणि दुपारी बाया एकत्र बसल्या की आपापल्या लेकीची गाऱ्हाणी निघतात. हिची सासू भाजीत तेल टाकू देत नाही, तिची सासू मोबाइल लपवून ठेवते. बाया बोलतात, डोळे पुसतात आणि हलक्या होऊन घरी जातात. माझी पाळी आली की माझ्याकडे सांगायला काहीच नसायचं. "आमची बरी आहे बाप्पा," एवढंच मी म्हणायचे, आणि सगळ्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी काहीतरी लपवून राहिले आहे.

एकुलती एक पोर. फुलचूरला दिली, म्हणजे गोंदियातच म्हणायचं. जावयाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, घरात माणसं चार. मी रोज संध्याकाळी फोन करायचे आणि फिरवून फिरवून तेच विचारायचे. जेवण वेळेवर होते का? भांडी कोण घासते? सासू काही बोलते का? तिकडून हसू यायचं.

"नाई वं, आई. मम्मी तर मले सकाळी उठवतबी नाई."

सासूला ती मम्मी म्हणते आणि मला आई. म्हणजे माझं 'आई' हे नाव काही कोणी घेतलं नव्हतं. तरी 'मम्मी' ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. एक तरी गाऱ्हाणं सांग ना पोरी, असं तोंडापर्यंत यायचं. मी तिची बाजू घेऊन भांडायला पदर खोचून बसले होते आणि भांडायला कोणी येतच नव्हतं.

लग्नानंतरच्या श्रावणात मी आणि हे पहिल्यांदा तिच्या घरी गेलो. देवरीहून आमगावमार्गे बस. घरून पोळ्या आणि वांग्याची भाजी बांधून नेली होती. गोंदियाच्या स्टँडवर उतरलो, बाकावर बसून दोघं जेवलो, हात धुतले आणि मग पोरीकडे गेलो. याचं कारण आमची रीत. लेक दिली की तिला लेकरू होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. माझी आई माझ्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली घेऊन आली होती. आमच्या पिढीनं चहापाण्याची सूट घेतली, पण अन्नाची नाही. आता पुष्कळ लोक ही रीत मानत नाहीत. मी मानत होते. आईनं पाळली, मी मोडू कशाला, एवढाच माझा विचार.

ईनबाई दारातच उभ्या होत्या. विहिणीला आम्ही ईनबाई म्हणतो. त्या मात्र शहरातल्या, त्यांच्या बोलण्यात अर्धी हिंदी, त्या मला समधनबाई म्हणतात. "या समधनबाई! बसमधी सीट भेटली ना? किती गर्मी आहे पाहा." त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला, पाणी दिलं, चहा दिला. चहाबरोबर बिस्किटं ठेवली नाहीत. म्हणजे रीत त्यांनाही ठाऊक होती आणि त्या आग्रह करून मला अडचणीत टाकणार नव्हत्या. इथेही बाईनं चुकायला नको का?

मग पोरगी आतून ताटली घेऊन आली. त्यात दोन बर्गर होते. गोल पाव, आत लालसर जाड टिक्की, कांदा, काकडी, आणि वरून दह्याचं काहीतरी पांढरं. "मम्मीने घरीच बनवला, आई. राजमा आणि मसूरची टिक्की आहे." आणि माझ्यासमोर मांडी घालून तिनं तो खायला सुरुवात केली.

डाळ! या पोरीला डाळीचं वावडं होतं. ताटात वरण वाढलं की भाताचा बांध घालून ते पलीकडे ढकलायची. लाखोरीच्या डाळीचे माझे वडे, ज्यांच्यासाठी लग्नकार्यात लोक मला हाताला धरून चुलीपाशी नेतात, त्यातला एक ती कसाबसा खायची आणि तोही मी डोळे वटारले म्हणून. वर्षानुवर्षं मी त्या पोरीच्या मागे डाळ घेऊन फिरले. आणि इथे तिनं मसूर आणि राजमा दोन हातांनी धरून, तोंडाला दही लावून, दोन बर्गर संपवले. वर बोटं चाटली.

भाजलेल्या जिऱ्याचा आणि कशाचा तरी वास येत होता. नुकतीच जेवून आलेली असून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ते मी चहाबरोबर गिळलं.

परतताना बसमध्ये यांना म्हटलं, "पाहिलं का? घरी डाळ पाहून नाक मुरडायची."

"घर की मुर्गी दाल बराबर," हे म्हणाले. "तिथं तर दाळच मुर्गी झाली." आणि खिडकीला डोकं टेकून झोपले. पुरुषाला झोप येते, ही एक मोठी सोय आहे.

दिवाळीनंतर फोन आला की पोरीला दिवस गेले. मी देवापुढे साखर ठेवली आणि लगेच मनात आलं ते सांगते, खोटं कशाला बोलू. मनात आलं, आता पोरगी माझी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही पण आमचीच रीत. एका रीतीनं माझं तोंड बांधलं होतं, पण ही दुसरी रीत माझ्या बाजूची होती. सातव्या महिन्यात जाऊन आणायची, बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की पोचवायची. पाच-सहा महिने मम्मी नाही, नुसती आई. मी बोटांवर महिने मोजले. चैत्रात सातवा लागत होता.

पण सुरुवातीला तिला फार मळमळायचं. पोटात काही ठरायचं नाही. भाताच्या वासानं ओकारी, दुधानं ओकारी.

"मग खाते तरी काय?" मी विचारलं.

"मम्मीचा बर्गर. तेवढाच राहते पोटात."

मी यांच्याबरोबर वडे पाठवले, लिंबाचं लोणचं पाठवलं, खोबऱ्याची वडी पाठवली. पोरीनं फोटो पाठवला, मला वाटलं माझ्या वड्यांचा असेल. उघडून बघते तर ताटलीत बर्गर आणि मागे हसणारी सासू. कानामागून आली आणि तिखट झाली ती हीच. एकदा पोरगी फोनवर म्हणाली, "आई, तिकडे आली की मला बर्गर कोण करून देईन?" तिनं थट्टेत म्हटलं असेल. मी थट्टेत घेतलं नाही. मला खरोखर वाटायला लागलं की पोरगी या एका पदार्थासाठी तिथं अडकून पडेल आणि पहिलं बाळंतपण माझ्या हातचं जाईल.

म्हणून मी बर्गर शिकायचं ठरवलं.

ईनबाईंना विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान निघायच्या आधी आम्ही लाखोरी फेकतो, ती थंडीभर ओलीवर वाढते. गेल्या हंगामाची डाळ घरात भरपूर होती. राजमा विकत आणायचा आणि घरची डाळ पोत्यात ठेवायची, हे मला पटणारं नव्हतं. आणि त्यांच्या वस्तूनं त्यांना हरवलं, यात काय मजा?

पहिल्या वेळेस मी डाळ रात्री भिजवली, दोनदा पाणी बदललं, सकाळी आलं-मिरची-सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून जाडसर वाटली. गोळा हातावर घेतला, थापला, तेलात सोडला. सहा झाले. लाल, कुरकुरीत. देवरीहून हे गोल पाव घेऊन आले होते. पाव कापला, टिक्की ठेवली, वर दही आणि चटणी, झाकण लावलं आणि यांच्या हातात दिला. यांनी चावा घेतला तशी दही-चटणीची धार खालून थेट पांढऱ्या बनियनवर.

हे पाव उघडून बघायला लागले. "याले मधात भोक काऊन पाडलं?"

मी बघितलं तर खरंच. सहाच्या सहा टिक्क्यांना मधोमध भोक. वड्याला आम्ही थापून मधे बोटानं भोक पाडतो, आतून कच्चा राहू नये म्हणून. मी डोक्यानं बर्गर करत होते आणि हातानं वडा. "मी नाई पाडलं," मी म्हटलं, "हातानं पाडलं." हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या खेपेला मी स्वतःवर लक्ष ठेवलं, तरी तिसऱ्या टिक्कीला बोट गेलंच. शेवटी उजव्या हाताच्या त्या बोटाला चिंधी गुंडाळून बसले.

भोक गेलं, पण वाटलेल्या डाळीची टिक्की काही जमेना. मधे कच्ची, कडेला दगड. संक्रांतीला वाण घेऊन फुलचूरला गेले तेव्हा मी ठरवूनच गेले होते. "पाणी मीच घेते" म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर कुकर उघडा होता, आत उकडलेला राजमा. चाळणीत पोहे भिजवून निथळत ठेवले होते. परातीत किसलेलं बीट. म्हणजे डाळ आधी शिजवायची, मग ठेचायची, आणि बांधून धरायला पोहे. मी पाणी न पिताच बाहेर आले. ईनबाई म्हणाल्या, "पानी भेटलं ना?" मी म्हटलं, भेटलं.

घरी आल्यावर लाखोरी शिजवली तर तिचं वरण झालं. पोहे घातले, तरी तव्यावर पसरली. पुन्हा केली, कमी पाण्यात, दाणा बोटानं दाबला तर फुटेल इतपतच शिजवून, चाळणीत तासभर कोरडी करून. मग जमली. उलथनं घातलं की अख्खी उलटायची. चव घेतली, मला आवडली. पण ती त्यांच्यासारखी झाली की नाही, ते मला कसं कळणार? त्यांचा बर्गर मी कधी चाखलाच नव्हता. यांनीही नाही. आमच्या घरात वास घेतलेली दोन माणसं होती, खाल्लेलं एकही नाही. मी यांना टिक्की हुंगायला लावायचे आणि विचारायचे, "तसाच येते का वास?" हे म्हणायचे, "मले तर भुकेचा वास येऊन राहिला, दे इकडं."

असे तीन महिने गेले. मधल्या खोलीला चुना लावून घेतला. पाळणा आणला, दोऱ्या बदलल्या. डिंक, खारीक, खोबरं भरून ठेवलं. शेकायला मोहाची लाकडं फोडून रचली. पोरीला आवडते म्हणून खिडकीला हिरवा पडदा शिवला. गावातल्या बायांना सांगितलं, चैत्रात आणून राहिली. मला वाटायचं सगळ्या जरा जळत असतील. आणि ते मला आवडायचं.

चैत्रात मी एकटीच निघाले, हे मागून गाडी करून येणार होते. सकाळी चारला उठून आठ बर्गर केले. पाव वेगळे, टिक्क्या वेगळ्या, चटणी वेगळी. त्या गडबडीत स्वतःचा डबा करायचा राहिला. वाटलं, एक दिवस उपाशी राहिलं तर काय होते. बसमध्ये खिडकीचा पत्रा तापला होता. मांडीवर डबा धरून मी आमगाव ओलांडलं तेव्हा मनात नुसता एकच विचार, की पोरगी पहिला घास घेईल आणि म्हणेल, आई, हा मम्मीपेक्षा भारी आहे. मला ते वाक्य ऐकायचं होतं, आणि ईनबाईंनी ते ऐकताना मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

पोरगी पलंगावर पाय लांब करून बसली होती. चेहरा भरला होता, पाय चांगलेच सुजले होते. मी पायांना हात लावला तर तिनं ते ओढून घेतले. "काही नाही वं, उन्हानं आहे." ईनबाईंनी पाणी दिलं. मी डबा उघडला, बर्गर बांधला आणि तिच्या हातात दिला.

तिनं खाल्ला. मी तिच्या जबड्याकडे बघत होते. अर्धा झाल्यावर ती म्हणाली, "छान झाला, आई," आणि उरलेला अर्धा ताटलीत ठेवला. ईनबाईंनी मात्र माझा एक अख्खा बर्गर बसल्या जागी संपवला. "समधनबाई, लाखोरीचा असा स्वाद मी पहली बार पाहिला. मले सिखवून द्या बरं हे." त्या तोंडदेखलं बोलत असत्या तर मला किती बरं वाटलं असतं. पण त्या मनापासून बोलत होत्या आणि दुसऱ्या बर्गरकडे बघत होत्या.

"बॅग भरली का?" मी पोरीला विचारलं. "बाबा चार वाजता गाडी घेऊन येऊन राहिले."

तिनं सासूकडे बघितलं. ते बघणं मला दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

"आई, मी नाही येत. इथंच करू बाळंतपण."

"पहिलं बाळंतपण माहेरी असते."

"पाय सुजून राहिले. दवाखाना इथून दहा मिनिटांवर आहे. तिथून रात्री बेरात्री कुठं नेशील मला?"

खरं होतं. पण खरं ऐकायची माझी त्या वेळी तयारी नव्हती. मी ईनबाईंकडे वळले. "डॉक्टरले असं म्हणायले तुम्हीच सांगितलं असन ना? सुनेले माहेरी पाठवू नका म्हणून? आधी खाऊ घालून घालून पोरगी आपली करून घेतली, आता नातूबी तुम्हालेच पाहिजे." आणखी पण बोलले. तुम्हाला मुलगी नाही म्हणून दुसऱ्याची ओढून घेता, असंही बोलले. बोलताना मला कळत होतं की हे वाईट आहे, आणि तरी दर वाक्याला मोकळं वाटत होतं. नऊ-दहा महिने जे भांडण मला मिळालं नव्हतं ते मी एकटीच भांडून घेतलं.

ईनबाईंनी पदराला हात पुसले. त्यांचे डोळे भरले होते. "तव्यावर आहे," असं पुटपुटून त्या आत गेल्या.

"झालं?" पोरगी म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मम्मीनं नाही सांगितलं काही. डॉक्टर तर म्हणे, सांभाळून जाता येईन. मम्मी बॅग भरून राहिली होती माझी. मीच नाही म्हटलं."

"काऊन?"

"सांगू? रागावू नको."

मी म्हटलं सांग.

"मला तिथं दुखलं ना आई, तर पहिले तुले समजवा लागते. मी दहावीत तापानं पडली होती, आठवते? मी खात नाही म्हणून तूबी चार दिवस खाल्लं नाही. मला कडू तोंडानं वरणभात गिळावा लागत होता, तू जेवावं म्हणून. डोकं फुटून राहिलं होतं माझं आणि मी तुले सांगत होती, मला बरं वाटून राहिलं, तू जेव." ती थांबली, दम घेतला. "इथं दुखलं तर नुसतं दुखते. मम्मी पाय दाबून देते, जेवते, झोपते. मला तिले सांभाळा लागत नाही. आई, मला खूप भेव वाटून राहिलं या बाळंतपणाचं. मी दोघींचं भेव नाही उचलू शकत."

दहावीतल्या त्या चार दिवसांची गोष्ट मी गावभर सांगत आले आहे. लेकीसाठी चार दिवस अन्नाला शिवले नाही, अशी. बाया कौतुकानं ऐकतात. पोरीनं तीच गोष्ट कशी साठवून ठेवली होती ते मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती वरण का बाजूला सारायची, हेही तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि मी कितीतरी वेळ तिच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिले. रडू येत होतं. पण मी रडले असते तर तिला पुन्हा उठून माझे डोळे पुसावे लागले असते, म्हणून दातांनी ओठ धरून ठेवला.

"आज सकाळी जेवून निघाली होती का?" तिनं विचारलं.

मी डब्याचं झाकण लावायला लागले.

"पाहा," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

ईनबाई ताटली घेऊन बाहेर आल्या. पोरीला दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं होतं, भांडण झालं तरी त्यात खंड पडणार नव्हता. ताटलीत त्यांचा बर्गर होता, गरम, लालसर, मधोमध कापून दोन तुकडे केलेला. त्यांनी ती पलंगावर ठेवली आणि सवयीप्रमाणे माझ्यापुढे फक्त पाण्याचा पेला ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचं नाक लाल झालं होतं.

मी हात पुढे केला आणि त्यातला एक तुकडा उचलला.

"आई!" पोरगी सरळ बसली. "बाळ व्हायचं आहे अजून."

"मले भूक लागली," मी म्हटलं.

"तुले चालत नाही ना!"

"मले चालत नाही, पण पोटाले चालते. सकाळपासून उपाशी आहे मी." आणि घास घेतला. माझ्या आईनं ज्या गोष्टीसाठी पाण्याची बाटली वाहून आणली होती ती मी एका चाव्यात मोडली. पोरगी माझ्याकडे एकटक बघत होती. मी चावत राहिले. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी खाली उतरलं, ते मला स्पष्ट दिसलं. ती मागे उशीला टेकली आणि दुसरा तुकडा उचलून खायला लागली.

आणि बर्गर चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला. टिक्की आतून मऊ, वरून खरपूस, बिटाचा जरासा गोडवा, जिरं अगदी शेवटी लागायचं. तीन महिने हुंगून हुंगून मी जे केलं होतं ते याच्या जवळपासही गेलं नव्हतं. भुकेमुळे आणखी चांगला लागला असेल, म्हणून मी दोन घास सावकाश खाऊन बघितले. तरी चांगलाच होता. मला असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

ईनबाई समोर उभ्या होत्या. मघाशी मी त्यांना जे बोलले ते मी परत घ्यायला हवं होतं, चुकलं म्हणायला हवं होतं. पोरगीही त्याचीच वाट बघत होती. मी तोंड उघडलं.

"मीठ थोडं कमी आहे," मी म्हटलं.

कमी नव्हतं. बरोबर होतं. पण ईनबाईंचा चेहरा एकदम उजळला, जणू मी माफीच मागितली होती. "हो का? आमच्या यांच्या बीपीमुळे मी हात आखडून टाकते बरं का, समधनबाई," असं म्हणत त्या लगबगीनं आत गेल्या, मिठाची डबी आणली आणि झाकण काढून माझ्यापुढे धरली. पोरगी हसू दाबत माझ्याकडे बघत होती. आता माघार कशी घेणार? मी चिमूटभर मीठ घेतलं, त्या चांगल्या झालेल्या बर्गरवर टाकलं, आणि खारट, शेवटच्या घासापर्यंत, मुकाट्यानं खाल्ला.